धुराडे का ओढत नाही?

(शिवथर येथे देवळातल्या सभेत गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज सकाळी मी तुमच्या वाडीतून हिंडलो. अकरा घरांत चुलीपर्यंत जाऊन आलो. सात घरांत धुराडे आहे. पण त्यांतल्या पाच घरांत भिंती काळ्याकुट्ट. वासे काळे. बायकांचे डोळे लाल. मी म्हटले, हे कसे? तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाबा, नळा हाय की वर. पण धूर त्याला विचारतो कुठं? तो आपला माझ्याच डोळ्यांत येतो."

तुम्ही हसलात. आजीही हसल्या. पण हसता हसता त्यांना खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

आज त्या नळ्याविषयीच बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आता घरोघर गॅस आला. खरे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत टाकी आली. पण भाकरी कशावर होते? आंघोळीचे पाणी कशावर तापते? टाकी संपली की दुसरी येईपर्यंत काय? पावसाळ्यात तर चूल दिवसभर विझत नाही. तेव्हा चूल आहे तोवर धूर आहे. आणि धूर आहे तोवर त्याला वाट काढून दिली पाहिजे.

धूर म्हणजे नुसते डोळ्यांतले पाणी नव्हे. त्याने छाती खराब होते, दमा वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. आईच्या मांडीवर बसून धूर खाणाऱ्या पोराला फुप्फुसाचा ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगातली सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत दोन लाखांवर मुले पाच वर्षांच्या आतली होती.

आता नळा धूर ओढतो म्हणजे काय करतो, ते पाहू. नळ्यात काही यंत्र नाही, पंखा नाही. मग ओढतो कोण?

तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात नळ्याच्या आतली हवा आहे. ती गरम आहे, म्हणून हलकी. दुसऱ्या पारड्यात बाहेरची तेवढ्याच उंचीची हवा आहे. ती थंड आहे, म्हणून जड. जड पारडे खाली बसते, हलके वर जाते. बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि आतल्या हलक्या हवेला धुरासकट वर ढकलते. एवढीच ती करामत.

हे एकदा समजले, की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. नळा उंच असेल तर दोन पारड्यांतला फरक वाढतो, ओढ वाढते. नळा थंड पडला, की आतली हवाही जड होते, ओढ कमी होते. मध्येच कुठे भोक राहिले, तर तिथून थंड हवा आत शिरते आणि ओढ तुटते. आणि नळा आतून बुजला, तर हवा जाणार कुठून?

मी पहिले धुराडे बसविले, ते माझ्या स्वतःच्या घरी. नळ्याचा एक तुकडा वाचवावा म्हणून मी तो कौलांच्या वर वीतभरच काढला. आढे त्याच्यापेक्षा कितीतरी उंच होते. उन्हाळाभर धुराडे छान चालले. मी सगळ्यांना बोलावून दाखविले. मृग लागला, वारा सुटला, आणि पहिल्याच दिवशी धूर उलटा खाली आला. घरात एवढा धूर झाला, की आई तवा तसाच टाकून पडवीत येऊन बसली. ती काही बोलली नाही. पण आठ दिवसांनी मी नळा वाढविला, तोपर्यंत तिने धुराड्याचे तोंड चिंधी कोंबून बंद केले होते.

वारा आढ्यावरून पलीकडे उतरतो, तेव्हा तो खाली दाबतो. बुटका नळा त्या दाबात सापडतो. म्हणून नळा आढ्याजवळ असेल तर आढ्याच्या वर निदान दोन फूट गेला पाहिजे. आढ्यापासून दूर असेल, तरी कौलांच्या वर तीन फूट तरी हवाच. तुमच्या गावाला तर आणखी एक अडचण आहे. शिवथरच्या डोक्यावर सह्याद्रीचा कडा उभा आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, कड्याला आपटतो आणि मागे फिरून घरांवर उतरतो. त्यामुळे इथे नळ्यावर टोपी पाहिजे. टोपी पत्र्याची, तीन पायांवर उभी केलेली. टोपी आणि नळा यांच्यामध्ये नळ्याच्या तोंडाएवढी मोकळी जागा ठेवा. मी आज दोन टोप्या पाहिल्या, त्या नळ्यावर झाकणासारख्या घट्ट बसविल्या होत्या. पाऊस आत येत नाही हे खरे, पण धूरही बाहेर जात नाही! एवढे करूनही ऐन वादळात एखादा झोत खाली येईलच. तेवढे सोसावे लागते. मी खोटे सांगणार नाही.

नळा कशाचा असावा? भाजलेल्या मातीचा असला तर उत्तम. तो ऊब धरून ठेवतो. जाड पत्र्याचा चालतो, पण पावसात लवकर थंड होतो. प्लॅस्टिकचा नळा कदापि लावू नका. तो वितळतो, पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पूर्वी सिमेंटचे म्हणून जे नळे मिळत, त्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे. घरी असा जुना नळा असेल तर तो करवतीने कापू नका, फोडू नका. त्याची भुकटी छातीत गेली तर फार वाईट. तोंड तीन ते चार इंच रुंद पुरे. फार रुंद नळ्यात धूर रेंगाळतो आणि थंड होतो. आणि नळा सरळ उभा न्या. कोपरा जितका कमी, तितका बरा.

नळा कौलांतून जातो तिथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली आगीची. नळा वाशाला किंवा रिपेला टेकता कामा नये. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. गवती छपरातून नळा नेऊ नका. तिथे एक ठिणगी पुरते. अशा घरात चुलीजवळ भिंतीबाहेर नळा काढून तो छपरापासून दूर उभा करावा लागतो. ते काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.

दुसरी गोष्ट पावसाची. नळ्याभोवती पत्रा बसवताना पत्र्याची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकवा आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर ठेवा. मग पाणी कौलावरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पुन्हा कौलावर घरंगळते. उलटे केले, तर सगळा पाऊस चुलीत.

आता चुलीकडे या. दोन भांड्यांच्या चुलीत जाळ पहिल्या भांड्याखालून वैलाकडे जातो आणि तिथून नळ्यात जातो. वैलावर भांडे नसले, की ते भोक उघडे राहते. मग नळा चुलीतला धूर ओढायचे सोडून त्या भोकातून घरातली थंड हवा ओढतो. म्हणून वैल मोकळा ठेवू नका. पाण्याचे पातेले ठेवा, नाहीतर झाकण ठेवून कडेला चिखल लावा. भांडी भोकावर नीट बसणारी घ्या. चुलीला तडा गेला तर त्याच दिवशी लिंपा.

चुलीचे तोंडही फार मोठे नको. ही खोड काही आपलीच नाही. इंग्लंडात थंडी फार, म्हणून तिथे शेकण्यासाठी भिंतीतच मोठी चूल करीत. तिला तोंड एवढे मोठे असे, की निम्मा धूर खोलीत येई. काउंट रम्फर्ड नावाच्या एका गृहस्थाने १७९६ साली त्यावर निबंध छापला. त्याने सांगितले, चूल लहान करा आणि धुराची वाट चिंचोळी करा. लंडनमधल्या पुष्कळ चुली मग तशा बदलून घेतल्या गेल्या.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी 'मगन चूल' केली. १९५३ साली हैदराबादचे इंजिनियर डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. १९८३ च्या अखेरीस सरकारने सुधारलेल्या चुलींची मोहीम घेतली. ती २००२ पर्यंत चालली. देशात तीन कोटींच्या वर चुली बसल्या. पण त्यांतल्या पुष्कळ थोड्याच वर्षांत बंद पडल्या. का? चूल बसली, माणसे निघून गेली. नळा साफ कसा करायचा, तडा कसा लिंपायचा, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

आणि इथेच मला बापये मंडळींशी बोलायचे आहे. चूल बाईची, असे आपण म्हणतो. ती सारवते, लिंपते, राख काढते. कौले बापयांची. पावसाआधी शाकारणीला तेच वर चढतात. पण नळा? तो चुलीत सुरू होतो आणि कौलांवर संपतो. बाई म्हणते, वर चढणे माझे काम नाही. बापया म्हणतो, चूल माझे काम नाही. मधल्या मध्ये नळा बेवारशी! सकाळी त्या पाच घरांत मी विचारले, नळा शेवटचा कधी झाडला? एका घरी उत्तर मिळाले, "झाडायचा असतो होय?"

धुरातली काजळी नळ्याच्या आत बसते. ओले लाकूड जाळले तर ती चिकट, डांबरासारखी होते. तीन इंचांचा नळा बोटभर उरतो. म्हणून महिन्यातून एकदा नळा झाडा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. लांब बांबूच्या टोकाला काथ्याचा बोळा घट्ट बांधा आणि खालीवर फिरवा. चूल थंड असताना, आणि नाकातोंडाला फडके बांधून. नळ्याच्या पायथ्याला काजळी काढायला भोक ठेवलेले असते. काजळी काढली की त्यावर खापरी बसवून चिखलाने बंद करा. ते उघडे राहिले तर ओढ गेलीच.

काजळी साचून साचून एखादे वेळी नळ्यातच पेटते. नळा घूं घूं आवाज करतो, वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी नळ्यात पाणी ओतू नका. तापलेला नळा फुटेल. चुलीतली लाकडे बाहेर काढून विझवा. चुलीचे तोंड ओल्या गोणपाटाने बंद करा. माणसे घराबाहेर काढा आणि छपरावर लक्ष ठेवा.

आता लाकडाविषयी. पावसाळ्यात जो घळीत गेला असेल त्याला ठाऊक आहे, समर्थांच्या त्या घळीपुढे धबधबा कोसळत असतो आणि सगळ्या खोऱ्यात कापड वाळत नाही, काडी पेटत नाही. ओल्या लाकडाचा बराच जाळ त्यातले पाणी आटवण्यातच जातो. मग धूर थंड, नळा थंड आणि ओढ नाही. आता वैशाख चालू आहे. सरपणाची बेगमी आताच करा. लाकडे मनगटाएवढी फोडून ठेवा. पडवीत जमिनीपासून वर, फळीवर रचा. उद्याचे लाकूड आज चुलीजवळ ठेवा, पण चुलीवर नको.

चूल पेटवताना पावसाळ्यात आधी नळ्याच्या पायथ्याशी मूठभर सुका पाला किंवा कागद जाळा. नळा तापू द्या. मग उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत वळला, तर खुशाल लाकूड घाला. बाहेर आला, तर आणखी थोडा पाला. आणि सगळी दारे-खिडक्या लावून घेऊ नका. हवा आत आलीच नाही, तर नळा ओढणार काय? वारा ज्या बाजूने येतो तिकडची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

काही म्हातारी माणसे म्हणाली, धूर गेला तर घराला भुंगा लागेल. त्यांचे म्हणणे खोटे नाही. धुराने वासे टिकत, बियाणे टिके. धूर बंद झाल्यावर वाशांना तेल द्यावे लागेल, बियाणे राख घालून ठेवावे लागेल. हे काम वाढणार. पण वाशांसाठी माणसाची छाती जाळायची का, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक सांगतो. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून दारे लावून घेतात. निखाऱ्याला धूर दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. पण त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेले माणूस झोपेतच जाते. शेगडी असेल तर खिडकी उघडी ठेवा, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा.

उद्या सकाळी त्या आजींच्या घरचा नळा खाली उतरवायचा आहे. मी आज आत बोट घालून पाहिले, बोट जेमतेम शिरले. एक शिडी पाहिजे, काथ्या पाहिजे आणि दोन गडी पाहिजेत. आजींचा नातू तयार आहे. दुसरा कोण येतो, ते हात वर करून सांगा.