पहिली डोंगरी सायकल

सायकल ही वस्तू आपल्याला नवीन नाही. त्यातून पुण्याकडच्या माणसाला तर ती घरच्यासारखीच. एके काळी हे शहर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पण आज मला बोलायचे आहे ते नव्याने सायकल शिकणाऱ्यांशी नव्हे. ज्यांनी डांबरी सडकेवर चार-सहा वर्षे सायकल दामटली, रविवारी पहाटे उठून खडकवासला गाठले, कात्रजचा घाट चढला, आणि आता ज्यांना वाटू लागले आहे की ही मालमोटारींची सोबत पुरे झाली, जरा डोंगरातल्या वाटेला लागू या, अशांशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांच्यापुढे प्रश्न असा, की पहिली माउंटन बाइक घ्यावी ती कोणती?

सडकेवरचा सायकलपटू दुकानात शिरला की पहिल्याप्रथम काय करतो? सायकल उचलून पाहतो! आठ-नऊ किलोच्या सायकलीची सवय झालेल्या हाताला तेरा-चौदा किलोंचा हा ऐवज जड लागतो, आणि तिथेच त्याचे मन खट्टू होते. तसे होऊ देऊ नका. मुरमाच्या उतारावर सायकल किती हलकी आहे यापेक्षा ती जमीन किती घट्ट धरते, आणि हवी तिथे थांबते की नाही, याला अधिक मोल आहे.

या सायकलीचा जन्मच मुळी उतारावरचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, बोजड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. तिचे नाव ‘रिपॅक’. का, तर मागच्या चाकातला ब्रेक उतारावर इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. पण पहिला प्रश्न आजही ब्रेकचाच आहे. म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, डिस्क-ब्रेक असल्याखेरीज पुढची बोलणी करू नका. एका बोटाने ओढून चाक आवरले पाहिजे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या पुढे, सडकेवर शंभर किलोमीटर सहज मारणारे. एकदा भरधाव गाडी कोपराला चाटून गेली, तेव्हापासून त्यांनी सडक सोडली. मग त्यांनी पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली एक स्वस्त आणि दिसायला रुबाबदार सायकल घेतली. चढावर प्रत्येक पायडलाबरोबर ती बेडकासारखी खालीवर होई आणि उतारावर ब्रेक नुसते किंचाळत. दोनदा पडल्यावर ती गॅलरीत गेली. सडक सुटलेलीच होती, आता डोंगरही सुटला. दुःख पैशाचे नव्हे हो. वीस वर्षांचा छंद गेला, याचे आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की पैसा बेताचा असेल तर दोन्हीकडच्या स्प्रिंगांच्या मोहात पडू नये. पुढच्या चिमट्याला झोका आणि मागचा सांगाडा ताठ, अशी ‘हार्डटेल’ घ्यावी. चिमट्याची चाल 100 ते 130 मिलिमीटर असली म्हणजे पुष्कळ झाली. मात्र तो हवेचा असावा. तुमच्या वजनाप्रमाणे त्यात हवा कमीजास्त करता येते. दोन्हीकडे झोका असलेल्या सायकली वाईट, असे मुळीच नाही. पण चांगल्या असतात त्या महाग असतात, आणि त्यांचे सांधे व बेअरिंगे राखण्याचा खर्च निराळा.

आता चाके. 29 इंची चाक ऐकून दचकू नका. त्याच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या सडकेच्या 700-सी चाकाएवढाच. फरक आहे टायरचा. तिकडे 25 ते 28 मिलिमीटर, इकडे सव्वादोन इंच किंवा थोडा अधिक. हवा मात्र उलट! सडकेवर 80 पौंडांच्या आसपास भरत होता, इथे 25 पौंड पुरे होतात. हाताला सायकल पंक्चर झाल्यासारखी वाटेल, पण हा मऊ टायरच दगडाला धरून राहतो. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांना तोटा नाही, तेव्हा ट्यूबलेस टायर लावून आत चिकट द्राव घालावा. तो दर काही महिन्यांनी वाळतो, हे ध्यानात ठेवावे.

गिअरांचे गणित सोपे आहे. सडकेच्या सायकलीवर पुढे 34 दाते आणि मागे 32, हा सर्वांत हलका गिअर धरला, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक एका फेऱ्याहून थोडे अधिक फिरते. डोंगरी सायकलीवर पुढे एकच चक्र, समजा 32 दात्यांचे, आणि मागे 51. म्हणजे चाक दोन-तृतीयांशापेक्षाही कमी फिरते. चाळिशीतल्या गुडघ्यांवर हे उपकारच म्हणायचे. तेव्हा पुढे तीन चक्रे आहेत म्हणून सायकल भारी, या समजुतीत राहू नका.

मापाच्या बाबतीतही सडकेचा आकडा इथे सांगू नये. दोन्ही पायडलांवर उभे राहून, कोपरे किंचित वाकवून पाहा. डोंगरात निम्मा वेळ आपण असेच उभे असतो. हॅण्डल रुंद, साधारण पाऊण मीटरचे असते. आठवड्याभरात त्याची सवय होते. बूट अडकवायची पायडले सुरुवातीला घरीच ठेवा. सपाट पायडले लावा, म्हणजे तोल गेला की पाय चटकन जमिनीला टेकतो.

आणि शेवटचे. खिशातले सगळे पैसे सायकलीवर घालवू नका. हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांची कवचे यांचा वाटा आधी बाजूला काढा. जमले तर कोणाची तरी सायकल एका रविवारी मागून न्या आणि एखाद्या कच्च्या रस्त्यावर चढ आणि उतार, दोन्ही करून पाहा. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच सायकली चांगल्या चालतात. एवढे सांगून आपली रजा घेतो.