खुशालीबरोबर खरंही कळवा

जेवणं उरकून, भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज बचत गटाचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज बोलायचंय ते पोटापाण्यासाठी लांब गेलेल्या आपल्या भावंडांबद्दल, आणि त्यांना घरची बातमी कशी द्यायची याबद्दल.

आपल्या गटात सहज विचारून बघा. कुणाचा भाऊ चाकणच्या कंपनीत, कुणाचा फौजेत, कुणाची बहीण सुरतेला कामाला. सुरगाणा-पेठकडची माणसं तर द्राक्षाच्या कामाला आपल्याच निफाड-दिंडोरीच्या मळ्यांवर येऊन राहतात. आपलं गाव हे त्यांचं परगावच की!

माझी आजी सांगायची, पूर्वी पोस्टकार्ड यायचं. "इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी," अशी सुरुवात ठरलेली. कोपरा फाडलेलं कार्ड आलं, की वाचायच्या आधीच घरात रडारड, कारण ती मयताची खूण. तार म्हटली तरी काळजात धस्स व्हायचं. ती तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. पत्राची तिकिटं न्‌ आंतरदेशीय पत्रं मात्र आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जायची. ही प्रेस १९२५ पासूनची. देशभरची खुशाली आपल्या जिल्ह्यातल्या कागदावरून जायची म्हणा ना!

आता फोन हातात आहे. सकाळ झाली की घरच्या ग्रुपवर फुलांची चित्रं येतात. पण खरी बातमी जाते का? माझीच चूक सांगते.

माझं सासर-माहेर एकाच तालुक्यात. भाऊ चाकणला. चार वर्षांपूर्वी आबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. त्यांना शुगर होती. "हळद लावली, होईल बरी," म्हणायचे. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे. भावाची नवी नोकरी, त्याला कशाला घोर, म्हणून फोनवर मी रोज एकच सांगायची, "आबा मजेत आहेत." बहिणीलाही कळवलं नाही. ती सासरची, तिच्या डोक्याला कशाला ताप!

तीन आठवड्यांत अंगठा काळा पडला. तो काढावा लागला. भावाला हे कळलं ते गावच्या किराणा दुकानदाराकडून. तो रात्रीच्या एसटीनं आला. मला वाटलं, आता भांडेल. तो एवढंच म्हणाला, "ताई, पैशाचं सोड. पण आबा माझं ऐकतात, हे तुला माहीत होतं ना? मी पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर ते दवाखान्यात गेले असते."

मैत्रिणींनो, मी त्याचा घोर वाचवला नव्हता. त्याच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. आणि सगळा भार एकटीनं वाहिला, तो वेगळाच.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. आजारपण, मयत, जमिनीचं काम या गोष्टी ग्रुपवर टाकायच्या नाहीत, फोन करून सांगायच्या. त्याची पाळी कधी सुटते ते विचारून ठेवायचं. अवेळी फोन केला तर पहिलं वाक्य मुद्द्याचं: "घाबरू नको, आबांना ताप आहे, दवाखान्यात आणलंय." डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा, म्हणजे औषधाचं नाव चुकत नाही. डॉक्टर काय म्हणाले आणि आपल्याला काय वाटतं, हे वेगवेगळं सांगायचं. आणि शेवटी, त्यानं यायचं, पैसे पाठवायचे, की नुसतं आबांशी बोलायचं, तेही स्पष्ट सांगायचं.

बहिणीलाही त्याच दिवशी कळवायचं. सातबाऱ्यावर सही हवी तेव्हाच तिची आठवण काढायची, हे बरं नव्हे. आईबाप तिचेही आहेत.

लिहिता येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. आमच्या गटातल्या एका मावशींना सहीपुरतंच लिहिता येतं. पण व्हॉट्सॲपवरची माइकची खूण दाबून त्या मुलाला सगळं सांगतात. गाय व्यायली, गारांनी किती घड गेले, सगळं! तोही रात्री खोलीवर निवांत ऐकतो. आनंदाची बातमीही पोचली पाहिजे ना? नाहीतर घरचा फोन म्हणजे पैशाची मागणी, असं त्यांना वाटायला लागतं.

आणि खरं बोललं की पलीकडूनही खरं येतं. माझ्या भावानं नंतर सांगितलं, मधे दोन महिने त्याला काम नव्हतं. तोही मला "मजेत आहे" म्हणत होता!

तेव्हा आज रेडिओ बंद केल्यावर एक फोन लावा. खुशाली विचारा, आणि जे सांगायचं राहिलंय ते सांगून टाका. पुढच्या बैठकीत भेटूच. नमस्कार.