शूटिंगवाला ठरवताना आवाजाचं बोला

 

आजचा विषय लग्नसराईचा. लग्नाच्या दिवसाचा व्हिडिओ काढायला माणूस कसा ठरवायचा? आमच्याकडे, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात बोदलकसाच्या बाजूला, त्याला 'शूटिंगवाला' म्हणतात. मीपण तेच म्हणेन.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक झाल्यापासून कोड लिहितो, कॅमेरा हा काही माझा धंदा नाही. पण घरात कोणाचं लग्न निघालं की "तुले कम्प्युटरचं समजते, तूच बोल त्याच्याशी" म्हणून हे काम माझ्या गळ्यात येतं. चार-पाच लग्नं अशी केल्यावर एक गोष्ट पक्की कळली. आपण शूटिंगवाल्याशी सगळं चित्राचं बोलतो. ड्रोन आहे का? फोरके आहे का? टीझर किती मिनिटांचा? आवाजाचं कोणी विचारत नाही. आणि काही वर्षं गेली की घरचे लोक त्या व्हिडिओत आवाजच शोधत बसतात.

कसं ते सांगतो. आमच्या भागात हळदीला बाया गाणी म्हणतात. कोणाच्या घरी पोवारीत, कोणाच्या घरी झाडीबोलीत. त्यात नवरदेवाच्या मामाचं नाव येतं, आत्याचं येतं, व्याह्यांची थट्टा असते. ती गाणी कुठे लिहिलेली नसतात. यूट्यूबवर तशी गाणी सापडतील, पण तुमच्या घरच्या नावांची आणि तुमच्या आजीच्या आवाजातली नाही सापडणार.

माझ्या मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ आला तेव्हा हळदीचा भाग सात मिनिटांचा होता. दिसायला एकदम भारी. हळद हवेत उडतेय, सगळं स्लो मोशन, वरून हिंदी पिक्चरचं गाणं. मावशीने पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "काऊन रे, आमची गाणी नाही का याच्यात?"

मी शूटिंगवाल्याला फोन केला, रॉ डेटा मागितला. बिचाऱ्याने लगेच दिला. पण त्यातही गाणी नव्हती. कारण साधं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्लो मोशनचा वेगळा मोड असतो, आणि त्या मोडमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही. म्हणजे एडिटिंगमध्ये कोणी आवाज काढून टाकला नव्हता, तो कधी आलाच नव्हता. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला पैसे चित्राचेच मिळाले होते. पण ती गाणी उचलून धरणारी आमची मोठी आई पुढच्या पावसाळ्यात गेली. तिच्या आवाजाची एकही फाईल घरात कोणाकडे नाही.

माझ्या कामात कोड बिघडला तर आम्ही मागच्या व्हर्जनवर जातो. हळदीला मागचं व्हर्जन नसतं. म्हणून काय ठरवायचं ते आधीच ठरवा.

पहिली गोष्ट. पॅकेजमध्ये दोन शब्द ऐकू येतील: 'ट्रॅडिशनल' आणि 'सिनेमॅटिक'. सिनेमॅटिकवाला गिंबल घेऊन फिरतो, निवडक शॉट घेतो, त्याची छोटी फिल्म बनते. ट्रॅडिशनलवाला एका जागी उभा राहून सगळा विधी आवाजासकट घेतो. पैसे वाचवायचे म्हणून आजकालची पोरं ट्रॅडिशनल कापतात, "तीन तासांचा व्हिडिओ कोण पाहते" म्हणून. मी म्हणतो, कापायचंच असेल तर ड्रोन कापा. तीन तास कोणी सलग पाहणार नाही, हे खरं. पण आजोबांनी आशीर्वाद देताना काय म्हटलं, हे त्या तीन तासांतच सापडेल.

दुसरी गोष्ट, माइक. कॅमेऱ्यावरचा माइक लांबून आवाज घेतो, मग त्यात जनरेटर येतो, पंखा येतो, पंगतीची भांडी येतात. मंगलाष्टकांसाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घ्यायला सांगा. नवरदेवाला छोटा कॉलर माइक लावा. वरातीत धुमाळ असेल तर शूटिंगवाल्याला आवाजाची लेव्हल खाली ठेवायला सांगा. हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर बराच वाढवता येतो, पण फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही.

आणि हळदीसाठी फुकटचा उपाय: घरातला एक जुना स्मार्टफोन. फ्लाइट मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि गाणाऱ्या बायांजवळ, उशीवर किंवा टोपलीत ठेवून द्या. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला साधारण ६३५ एमबी जागा घेतो. एवढी जागा तर कोणाच्याही फोनमध्ये निघते.

तिसरी गोष्ट, डेटा. आता थोडं गणित. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने काढला तर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले तर ५४० जीबी. एवढा डेटा शूटिंगवाला तुमच्यासाठी जन्मभर सांभाळणार नाही, त्याला पुढच्या लग्नाला जागा लागते. म्हणून एक टीबीची हार्ड डिस्क तुम्हीच घ्या आणि लग्नाच्या आधीच त्याच्या हातात द्या. कॅमेऱ्यात दोन कार्ड एकाच वेळी रेकॉर्ड होतात का, तेही विचारा. एक कार्ड खराब झालं तर दुसरं असतं.

डेटा घरी आला की तीन कॉपी करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. बहिणीकडे ठेवा, चालेल. आणि पेन ड्राइव्हवर मोठी फाईल जात नसेल तर तो बहुतेक फॅट३२ मध्ये असतो, ज्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केलं की आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लग्नं लागतात आणि तेव्हाचं विदर्भाचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. फोरके चालू असताना उन्हात ठेवलेला कॅमेरा गरम होऊन स्वतःच बंद पडू शकतो. म्हणून कॅमेऱ्यालाही मांडवाची सावली द्या.

पाचवी गोष्ट ड्रोन. बोदलकसाचा तलाव वरून फार सुंदर दिसतो, मान्य. पण बाजूला नागझिरा आहे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही, आणि तलावाच्या बाजूचं जंगल कोणाच्या हद्दीत येतं ते वनविभागाला आधी विचारायचं. शिवाय ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी लागते, आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. "सगळे उडवतात जी" हे काही उत्तर नाही. सर्टिफिकेट पाहायला मागा.

सहावी गोष्ट, व्हिडिओ कोणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की पैसे देऊन फिल्म बनवून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुम्ही. पण सही करण्याआधी करार वाचा, कारण त्यात उलटं लिहिलेलं असू शकतं. तुमचा टीझर त्याच्या इन्स्टावर टाकायचा की नाही, हेही आधीच बोला. घरातल्या सगळ्या मुलींना ते आवडेलच असं नाही.

पैसे तीन भागांत द्या: थोडे बुकिंगला, थोडे लग्नाच्या दिवशी, उरलेले डेटा आणि फिल्म हातात आल्यावर. तारीख लिहून घ्या. काही बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण हे सगळं तुमच्याकडे लेखी काही असेल तर सोपं जातं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजही उपयोगी पडतो.

आता शूटिंगवाल्याच्या बाजूनेही एक सांगतो. तो माणूस सकाळी हळदीला येतो आणि रात्री बिदाईनंतर जातो. पंगतीत सगळे जेवतात तेव्हा तो शूट करत असतो, आणि त्याच्यासाठी भात उरलाय का ते कोणी पाहत नाही. त्याच्या जेवणाची जबाबदारी घरातल्या एका पोरावर द्या. आणि हळदीच्या आधी त्याला एकदा आजीजवळ घेऊन जा, सांगा, "भाऊ, ह्या गातात. ह्यांचा आवाज आला पाहिजे." कोणाकडे लक्ष द्यायचं हे त्याला कसं कळणार? तुमच्या घरात तो पहिल्यांदाच आलेला असतो.

शेवटी, बुकिंग करताना पाठवायचा मेसेज. वाचत असाल तर इथूनच कॉपी करा:

"नमस्कार दादा. १) हळदीची गाणी आणि मंगलाष्टकं पूर्ण, साध्या स्पीडमध्ये, आवाजासकट पाहिजेत. स्लो मोशन वेगळ्या कॅमेऱ्यावर घ्या. २) अंतिम व्हिडिओत हळदीच्या भागात निदान दोन गाणी बायांच्या मूळ आवाजात राहतील. ३) सगळा रॉ डेटा आमच्या हार्ड डिस्कवर, लग्नानंतर १५ दिवसांत. ४) आम्हाला विचारल्याशिवाय इंटरनेटवर काही टाकायचं नाही. मंजूर असेल तर हो लिहा."

त्याचा 'हो' आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग बिनधास्त नाचा.

तुमच्या घरी हळदीला कोणती गाणी म्हणतात? रेकॉर्डिंग असेल तर घरच्यांना विचारून पाठवा, एखाद्या भागात ऐकू. आणि रेकॉर्डिंग नसेल तर लग्नाची वाट पाहू नका. आजी घरी असेल तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ फोन ठेवा. भेटू पुढच्या भागात.