मुलीचे नाव कॉलेजातून काढू नका

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



समितीने मला 'मुलींचे शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितले. या विषयावर आपण बाबासाहेबांपासून सुरुवात करतो, सावित्रीबाईंपर्यंत जातो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. आज मी जरा अवघड जागी हात घालणार आहे. मुलगी कॉलेजात गेली आणि तिथे कोणी तिच्या अंगचटीला आला, पाठलाग केला, धमकावले, तर काय करायचे? हे आपण विहारात बोलत नाही, घरात तर नाहीच. म्हणून इथेच बोलते.

आपल्या बोलण्यात 'नाव काढणे' असा शब्द आहे. पोरगी शिकावी, तिने आईबापाचे नाव काढावे, असे आपल्याला वाटते. पण तिच्यावर संकट आले की आपण पहिले काम काय करतो? कॉलेजातून तिचेच नाव काढतो! गुन्हा करणाऱ्याचे नाव पटावर तसेच राहते.

ही टीका मी दुसऱ्यावर करीत नाही. ही माझ्या घरची गोष्ट आहे.

१९९४ साल जुन्या मंडळींना आठवत असेल. जळगावचे ते प्रकरण बाहेर आले. मुलींना, त्यात कॉलेजच्या मुलीही होत्या, फूस लावायची, त्यांचे फोटो आणि चित्रफिती काढायच्या आणि त्या दाखवण्याची धमकी देऊन पुन्हा पुन्हा अत्याचार करायचे. राजकारणातल्या वजनदार माणसांची नावे घेतली गेली. अरविंद इनामदार, मीरां बोरवणकर अशा अधिकाऱ्यांनी तपासाचे काम केले. वर्तमानपत्रांतून कितीतरी मुलींच्या गोष्टी येत होत्या, पण प्रत्यक्ष तक्रार द्यायला पुढे आल्या त्या मोजक्याच. खटले वर्षानुवर्षे चालले आणि पुष्कळ आरोपी सुटले. कसे सुटणार नाहीत? साक्ष द्यायची कोणी? ज्या मुलीने तोंड उघडले असते तिला घरात तरी जागा राहिली असती काय?

त्या वेळी मी नुकतीच शिक्षिका झाले होते. माझी धाकटी बहीण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. पण 'जळगावची कॉलेजची पोरगी' म्हटले की स्थळे माघारी फिरू लागली होती. आमच्या आबांनी एका रात्रीत ठरवले आणि तिचे कॉलेज बंद झाले. "लोक काय म्हनतीन?" एवढेच ते बोलले. आबा वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. आणि मी? मी पगार आणणारी, शिकलेली मुलगी, चुलीजवळ उभी राहून गप्प बसले. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. बी.ए.ची ती पुस्तके तिने कितीतरी वर्षे पेटीत ठेवली होती.

त्या वेळी कॉलेजात दाद मागायची म्हटली तर जायचे कुठे, हेच माहीत नव्हते. आज तसे नाही, आणि हे आपल्या माता-भगिनींना ठाऊक पाहिजे.

राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी. कुंभार समाजाची, सरकारच्या योजनेत काम करणारी गरीब बाई. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. तिच्या लढ्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल लागला. त्यातून २०१३ चा कायदा झाला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेज आणि विद्यापीठांसाठी वेगळे नियम केले. त्यांचे नाव २०१५ चे नियम, ते लागू झाले २०१६ मध्ये. एका खेड्यातल्या बाईने सोसले, म्हणून आज आपल्या पोरीला दाद मागायला जागा आहे.

हे नियम काय सांगतात ते साध्या भाषेत सांगते. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची प्रमुख वरिष्ठ महिला प्राध्यापक. समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात आणि बाहेरच्या संस्थेतील एक सदस्य हवा. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी बसतात. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी ९० दिवसांत पुरी झाली पाहिजे. मुलीचे नाव बाहेर फुटता कामा नये. कॉलेजचे वसतिगृह, कॉलेजची बस, सहल, हे सगळे त्यात आले.

आणि सर्वांत महत्त्वाचे ऐका. चौकशी चालू असताना मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि तिचे नुकसान होऊ द्यायचे नाही. त्या मुलाला तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देता येते, धोका असेल तर आवारात येण्यास बंदी घालता येते. दोष सिद्ध झाला तर त्याला निलंबित करता येते, त्याचे नाव पटावरून काढता येते. म्हणजे नाव कोणाचे काढायचे हे नियमात लिहिलेले आहे! आपणच उलटे करतो.

आता दुसरी गोष्ट, जी बोलायला जीभ अडखळते. त्रास देणारा नेहमी परका गुंड नसतो. पुष्कळदा तो तिचा ओळखीचा, मैत्रीतला, तिला आवडलेला मुलगाच असतो. आधी गोड बोलतो. मग फोन तपासतो, 'याच्याशी बोलू नको' म्हणतो, हात उगारतो. तिने नको म्हटले की फोटो पसरवीन म्हणून धमकावतो. १९९४ साली चित्रफीत काढायला कॅमेरा आणावा लागत होता, आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा वेळी आपण म्हणतो, "तूच बोलत होतीस ना त्याच्याशी?" झाले! पोरीचे तोंड तिथेच बंद.

कायदा असे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ प्रमाणे पाठलाग करणे गुन्हा आहे. कलम ७७ सांगते की, स्त्रीने खाजगी फोटो काढू दिला असला तरी तिच्या संमतीवाचून तो पसरवणे गुन्हाच आहे. फोटोला हो म्हणणे म्हणजे बदनामीला हो म्हणणे नव्हे. तसेच १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. त्रास देणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आपल्या मुलीच्या पाठीशी आहे. पण तो आपल्याच गल्लीतला असला तर आपण 'समाजाची बदनामी नको' म्हणून झाकून टाकतो. हेही सोडले पाहिजे. तिसरे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो, ते मुलांनाही लागू आहे. मुलाच्या आईने त्याला हे घरात शिकवले पाहिजे.

शेवटी माझ्या बहिणीकडे परत येते. तिची मुलगी आता शिकते आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही. मागे तिच्याबरोबर असेच घडले. एका मुलाशी मैत्री होती, ती तिने तोडली, मग धमक्या सुरू झाल्या. पोरीने दोन महिने कोणाला सांगितले नाही. ज्या दिवशी सांगितले, त्या दिवशी माझे मेहुणे म्हणाले, "बस झालं कॉलेज." तेव्हा माझी बहीण, जन्मात नवऱ्यापुढे मोठ्याने न बोललेली, म्हणाली, "माझं नाव काढलं होतं, तिचं काढू देणार नाही." आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. तिथे आधी "बाई, मिटवून घ्या, मुलीचाच प्रश्न आहे" असे ऐकावे लागले. आम्ही म्हटले, आम्हाला लेखी पोच द्या. तीन खेपा झाल्या. शेवटी समिती बसली, मुलाला ताकीद मिळाली, आवारात यायला बंदी झाली. सगळे गोड झाले असे म्हणत नाही. पोरगी अजून मोबाइल वाजला की दचकते. पण तिने परीक्षा दिली.

आमच्या खानदेशाला १९९० साली स्वतःचे विद्यापीठ मिळाले, त्याला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव लागले. साक्री, शिरपूर, यावल, चोपड्याच्या पोरी पहाटे उठून एस.टी. पकडतात. पुष्कळ घरांत कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच असते. ती घाबरून परत आली तर तिच्यामागची धाकटी निघणारच नाही.

म्हणून या विहारापुढे तीनच मागण्या ठेवते. एक, प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकाने कॉलेजात विचारावे, तक्रार समितीत कोण आहे, फलक कुठे आहे. दोन, विहारातल्या दोन-तीन जाणत्या बायांनी ठरवून घ्यावे की, कोणत्याही मुलीबरोबर कॉलेजात किंवा पोलीस ठाण्यात आम्ही जाऊ, आणि कानावर आलेले चार घरी सांगणार नाही. तीन, हे क्रमांक घरच्या कॅलेंडरवर लिहा : तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मोबाइलवरच्या गुन्ह्यासाठी १९३०.

आणि मुलींनो, तुम्हाला एकच सांगते. घरी सांगायची भीती वाटली तर माझ्याकडे या. मी एकदा गप्प बसले आहे. आता बसणार नाही.