गोठ्यातला पुरावा



जनावरांवरच्या होमिओपॅथीबद्दल कोणी शंका काढली की ती वापरणाऱ्या आपल्यासारख्या बहुतेक पशुवैद्यकांचं उत्तर ठरलेलं असतं: "गाईला काय ठाऊक आपण तिला काय पाजलं? तिच्यावर प्लासिबो कसा चालेल?" हे उत्तर आपण आजपासून सोडून द्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाईचा विश्वास नसेल, पण बघणाऱ्याचा असतो. संधिवातानं लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळालेल्या कुत्र्यांच्या पायावरचा भार यंत्रानं मोजला. जिथे यंत्राला फरक दिसला नाही, तिथेही अनेक मालकांना सुधारणा दिसली. आणि तपासणाऱ्या पशुवैद्यकांनाही दिसली! आपण काही वेगळ्या मातीचे नाही.

दुसरी गोष्ट आपोआप बरं होण्याची. आपल्याकडे सर्वाधिक गोळ्या दिल्या जातात त्या दगडीवर, म्हणजे कासदाहावर. फायटोलॅक्का, बेलाडोना, ब्रायोनिया ही नावं आता गोठ्यातल्या माणसांनाही पाठ झाली आहेत. सौम्य दगडीत, विशेषतः ई. कोलायमुळे झालेल्या, गाय स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं पुष्कळदा सावरते. सड वारंवार पिळून रिकामा केला, गोठा कोरडा ठेवला, की निम्मं काम झालं. मग श्रेय कोणाचं? नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी 2004 मध्ये हाच प्रश्न विचारला. दगडी झालेल्या गाईंचे त्यांनी तीन गट केले: होमिओपॅथी, प्लासिबो आणि प्रतिजैविक. तिन्ही गटांत गाई सुधारल्या. होमिओपॅथी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. प्लासिबोचा गट नसता, तर हाच प्रयोग आपण यशोगाथा म्हणून मिरवला असता.

उलट बाजूचा पुरावाही सांगतो. नेदरलँड्समध्ये 2010 साली गाभण डुकरिणींना कोलाय 30 हे होमिओपॅथिक औषध दिलं, तेव्हा त्यांच्या पिलांत हगवण प्लासिबो गटापेक्षा कमी आढळली. पण एका प्रयोगावर शास्त्र उभं राहत नाही. पशुधनावरच्या अशा प्रयोगांचा 2016 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक निष्कर्ष अनुकूल निघाले. मात्र एकही प्रयोग तशाच परिस्थितीत पुन्हा करून पाहिलेला नव्हता. हे काम आपलं होतं. तीस वेळा शंभरपट विरल केलेल्या औषधात मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही, असं रसायनशास्त्र सांगतं. तरीही ते गुण देतं असा दावा करणाऱ्यांवर पुराव्याची जबाबदारी जास्तच येते.

प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याची शेतकऱ्याची गरज मात्र खरी आहे, आणि म्हणूनच मला या कामाची आस्था आहे. प्रतिजैविक टोचलं की दूध काही दिवस वेगळं काढावं लागतं. संकलन केंद्रावर अंश सापडले तर दूध परत येतं. औषधांना जुमानत नाहीत असे जंतू वाढत आहेत. कोलिस्टिनवर 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांपुरती केंद्र सरकारनं बंदी घातली, ती याच भीतीनं. विनाकारण प्रतिजैविक टाळणं हे आपल्या व्यवसायाचं मोठं काम आहे, मग गोळीत औषध असो वा नसो.

पण काही रेषा ओलांडू नयेत. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांना लसच. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत गोट पॉक्सची लस गावोगाव टोचली गेली, तेव्हा काही ठिकाणी "नोसोड दिला, आता लस नको" असं बोललं जात होतं. लाइपझिगच्या विल्हेल्म लुक्स या पशुवैद्यकानं 1833 मध्ये नोसोडची, म्हणजे रोगद्रव्यच विरल करून देण्याची, कल्पना मांडली, तेव्हा लसविज्ञान बाल्यावस्थेत होतं. आज नोसोडला लस म्हणणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. ताप चढलेली, चारा सोडलेली, दूध पाण्यासारखं झालेली गाय गोळ्यांवर ठेवणं हाही तसाच. आपण आधी पशुवैद्यक आहोत.

म्हणून आपणच करायच्या एका प्रयोगाचा प्रस्ताव ठेवतो. फक्त सौम्य दगडीच्या गाई घ्याव्यात. उपचाराआधी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जावा. औषधाच्या आणि प्लासिबोच्या बाटल्यांवर केवळ क्रमांक असावेत. कुठल्या बाटलीत औषध आहे हे आपल्यालाही कळू नये, गोठेवाल्यालाही नाही. पशुपालकाला सगळं समजावून त्याची संमती घ्यावी. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दुधाची तपासणी व्हावी. गाय बिघडली तर त्याच क्षणी नेहमीचा उपचार सुरू करावा. आकडेमोड पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या, आपल्या पंथाबाहेरच्या माणसाकडे द्यावी, आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो छापावा.

या कामात येऊ इच्छिणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर आपलं नाव, तालुका आणि दुभत्या जनावरांची साधारण संख्या लिहून द्यावी.