अध्यक्षीय भाषण : अणुक्रमांक 87 आणि मार्गरीट पेरे

मेंडेलेव्हच्या आवर्तसारणीत सिझियमच्या खालचे घर सुमारे सत्तर वर्षे रिकामे होते. तिथे एक जड अल्कली धातू असणार, याबद्दल रसायनशास्त्रज्ञांना शंका नव्हती. तो सापडल्याचे दावे झाले, रूसियम, व्हर्जिनियम, मोल्डाव्हियम अशी नावेही ठेवली गेली. टिकले एकही नाही. सिझियमचा हा भाऊबंद सिझियम-पोटॅशियमच्याच खनिजांत मिळेल, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो ॲक्टिनियमच्या पोटी जन्म घेत होता.

मार्गरीट पेरे यांचा जन्म 1909 चा. पदवी नाही, हाती रसायन-तंत्रज्ञाची पदविका, एवढ्या शिदोरीवर 1929 मध्ये पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये मेरी क्यूरींच्या सहायक म्हणून त्या रुजू झाल्या. क्यूरींच्या निधनापर्यंत, म्हणजे 1934 पर्यंत, आणि त्यानंतरही ॲक्टिनियम शुद्ध करणे हेच त्यांचे काम होते. हे काम अतिशय चिकाटीचे. ॲक्टिनियमचे गुणधर्म लँथॅनमशी इतके जुळतात की दोघांना वेगळे करताना पुन्हा पुन्हा तेच टप्पे गिरवावे लागतात. शिवाय शुद्ध केलेले ॲक्टिनियम शुद्ध राहतच नाही. त्याच्या विघटनातून थोरियम, रेडियम, शिसे, बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू लगेच साठू लागतात आणि मूळ ॲक्टिनियमचा क्षीण किरणोत्सार त्या गोंगाटात बुडून जातो.

पेरे यांचे यश वेगात आणि हाताच्या सफाईत होते. शुद्धीकरण संपताच, बाकीचे अणू साठण्याआधी, त्यांनी मोजणी सुरू केली. बीटा किरणोत्सार पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने वाढला आणि मग स्थिरावला. ज्ञात असलेल्या कोणत्याही कन्या-मूलद्रव्याचे अर्धायुष्य या वाढीशी जुळत नव्हते. ॲक्टिनियम बाजूला काढून उरलेल्या द्रावणात त्यांनी सिझियमचा क्षार घातला आणि पर्क्लोरेटच्या रूपात तो खाली बसवला. अज्ञात किरणोत्सार सिझियमच्या स्फटिकांबरोबर खाली आला. तोलण्याइतका पदार्थ हाती नसतानाही अल्कली धातूची ओळख पटली, अर्धायुष्य भरले 21 मिनिटे. वर्ष होते 1939, महिना जानेवारी. या सभेतील विश्लेषक रसायनशास्त्रज्ञांना या कृतीचे मोल वेगळे सांगायला नको.

उलगडा असा : ॲक्टिनियम-227 चे बहुतेक अणू बीटा कण टाकून थोरियम होतात, पण शंभरातला एखाद-दुसरा अल्फा कण टाकतो आणि 89 वरून 87 वर उतरतो. हे अल्फा कण व्हिएन्नात मेयर, हेस आणि पानेथ यांना 1914 मध्येच दिसले होते. महायुद्ध सुरू झाले आणि तो धागा तुटला.

शोध नावावर जमा झाला तरी डॉक्टरेटसाठी पदवी लागतेच. युद्धकाळात पेरे यांनी सॉर्बोनमध्ये ते शिक्षण पूर्ण केले आणि 1946 मध्ये प्रबंध सादर केला. आधी सुचवलेले कॅटियम हे नाव मागे पडून मायदेशावरून फ्रान्सियम हे नाव ठरले. 1949 मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठात त्या अणुरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. 1962 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडले. 1666 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत निवडून आलेली ही पहिली स्त्री. त्याच अकादमीने 1911 मध्ये मेरी क्यूरींना थोडक्या मतांनी नाकारले होते, आणि तो अन्याय होता. पूर्ण सदस्यत्व मात्र पेरे यांनाही मिळाले नाही. ते एका स्त्रीला प्रथम मिळाले 1979 मध्ये.

ॲक्टिनियमच्या सहवासातील वर्षांची किंमत शरीराने मोजली. फ्रान्सियमचा उपयोग कर्करोगाच्या लवकर निदानासाठी होईल, अशी त्यांना आशा होती. ती फळाला आली नाही. दीर्घ आजारानंतर 13 मे 1975 रोजी कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. निसर्गात प्रथम सापडलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत फ्रान्सियम शेवटचे मानले जाते, आणि तराजूत तोलता येईल इतके फ्रान्सियम आजवर कोणालाही जमवता आलेले नाही.