मुदतीचा आकडा आणि संगणकाची मोजणी



खानदेशातून सूरतेस गेलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत या भागांत मोठ्या संख्येने राहतात. कापडाच्या या शहरात यंत्रमाग सर्वांच्या परिचयाचा आहे. मागावरील मोजणी-यंत्रात आकड्यांची पाच चक्रे असतील, तर ९९,९९९ नंतर तेथे ००,००० दिसतात. विणलेले कापड मात्र नाहीसे होत नाही. जाणता कारागीर चक्र फिरण्यापूर्वीच आकडा वहीत मांडून ठेवतो. संगणकाला अशी वही आपण होऊन सुचत नाही.

नोंदींचे भांडार सांभाळणाऱ्या प्रणालीस, म्हणजेच डेटाबेसला, एखाद्या कामासाठी किती वेळ थांबावयाचे याची मुदत ठरवून द्यावी लागते. माणूस ती सेकंदांत सांगतो. यंत्र पुष्कळदा सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजते. ३२ बिटांच्या धन-ऋण पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ होय. सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजल्यास हा काळ सुमारे २४ दिवस २० तासांचा भरतो. आता कोणी ३० दिवसांची मुदत लिहिली, तर २५,९२,००० सेकंदांस हजाराने गुणून २,५९,२०,००,००० होतात. ते त्या जागेत मावत नाहीत आणि बहुधा उणे १,७०,२९,६७,२९६ एवढा आकडा उरतो! उदारपणे दिलेली मुदत मग सुरू होण्याआधीच संपते व जोडणी तुटते. काही प्रणाली उणे आकड्याचा अर्थ ‘अमर्याद थांबावे’ असा घेतात; तेथे एकच अडकलेले काम इतर सर्वांची वाट अडवून बसते. उताऱ्यासाठी खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास एवढेच ऐकावे लागते, की यंत्र चालत नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. बोइंग ७८७ विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्र-नियंत्रकांतील मोजणी ओसंडून वीज खंडित होऊ शकते, असे आढळल्यावरून २०१५ साली अमेरिकेच्या विमान-प्रशासनास तो पुरवठा ठरावीक काळाने बंद करण्याचा आदेश काढावा लागला.

उपाय साधा आहे. पण तो गुणाकारापूर्वी करावयास हवा, नंतर नव्हे. २१,४७,४८३ पेक्षा अधिक सेकंद आल्यास ते स्पष्ट शब्दांत नाकारावेत, अथवा गुणाकारच ६४ बिटांत करावा. ‘मायएसक्यूएल’ या प्रणालीत निष्क्रिय जोडणीच्या मुदतीची कमाल मर्यादा विंडोजवर नेमकी एवढीच ठेवलेली आहे. अन्यत्र ती ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे ३६५ दिवस आहे. मोठा आकडा मुकाट्याने खाली आणणे ही मात्र अर्धवट सोय होय, कारण तो लिहिणाऱ्यास आपली चूक कळतच नाही. तपासणीच्या वेळी २१,४७,४८३ आणि २१,४७,४८४ हे दोन्ही आकडे यंत्रास अवश्य देऊन पाहावेत.